‘शेजारणीला पायजे’ : शाळा सुधारणा समित्यांना खुले पत्र

बेळगाव जिल्ह्यातील मराठी आणि कन्नड प्राथमिक शाळांच्या शाळा सुधारणा समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्राचा विषय उवा. हसलात तर हसा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

खानापूर तालुक्यात आमचं औषधाचं दुकान आहे. काउंटरवर उभी राहून मला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत उवांचं औषध स्वतःच्या घरासाठी म्हणून मागणाऱ्या बायका मला बोटांवर मोजण्याइतक्या भेटल्या. बाकी सगळ्या उवा शेजारणीच्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नसताना यायचं, पदर सावरायचा आणि हळूच म्हणायचं, “वैनी, त्ये डोक्याचं औषध हाय काय? आमच्या शेजारणीला पायजे.” कन्नड बोलणारी आली तरी तेच. “हेनिगे औषध ऐतेनरी?” आणि मी काही विचारायच्या आत, “बाजू मनियवरिगे.” म्हणजे शेजारच्यांसाठी. दोन वस्तू आम्ही न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, सॅनिटरी पॅड आणि उवांचं औषध.

ही लाज आता शाळेनंही उचलून धरली आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नात्यातल्या चौथीतल्या एका मुलीला शाळेतून चिठ्ठी देऊन घरी पाठवलं. ‘डोक्यातील उवा पूर्ण जाईपर्यंत पाल्यास शाळेत पाठवू नये.’ चिठ्ठी देण्याआधी तिला वर्गात उभं करून बाकीच्यांना सांगितलं, हिच्याजवळ बसू नका. शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण अशी चिठ्ठी देणारी ती एकटीच शाळा नव्हे. मुलगी अकरा दिवस घरी बसली. आईनं शिवणाच्या कात्रीनं तिच्या वेण्या कापल्या. बाराव्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून पोरगी शाळेत गेली आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा डोकं खाजवायला लागली. शेजारी बसणाऱ्या तिघींच्या डोक्यात होत्याच, फक्त त्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

यात माझाही दोष आहे. औषध तिच्या आईनं माझ्याकडूनच नेलं होतं. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. मी बाटली कागदात गुंडाळली, पैसे घेतले आणि पुढच्याकडे वळले. हे औषध नऊ दिवसांनी पुन्हा लावायचं असतं, हे एक वाक्य मी बोलले नाही.

त्या एका वाक्यामागचं कारण कळायला ऊ कशी जगते ते बघावं लागतं. ऊ तिळाएवढी, दोन ते तीन मिलिमीटर. सहा पाय आणि प्रत्येक पायाला आकड्यासारखी नखी, बरोबर केस पकडण्याच्या मापाची. पंख नाहीत. पिसवेसारखी उडी मारणं तिला जमत नाही. ती फक्त चालते, पण केसांवरून मिनिटाला वीतभर जाऊ शकते. दिवसातून अनेकदा टाळूचं रक्त पिते आणि डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. मादी दिवसाला सहा ते दहा अंडी घालते. तीच लीख. ती टाळूच्या अगदी लगत, अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत केसाला चिकटवलेली असते, कारण उबेसाठी तिला टाळूजवळची जागाच लागते. आठ-नऊ दिवसांत त्यातून पिल्लू निघतं, तीनदा कात टाकतं आणि आणखी नऊ ते बारा दिवसांत अंडी घालण्याइतकं मोठं होतं.

आता बाटलीचा हिशेब बघा. आपण विकतो ते बहुतेक एक टक्का परमेथ्रिन. चालत्या उवा त्यानं मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत. आज औषध लावलं, डोकं शांत झालं, घरात आनंद झाला. आठवड्यानं उरलेल्या लिखांतून पिल्लं बाहेर येतात. ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत, म्हणजे नवव्या दिवसाच्या सुमारास, औषध परत लावलं तरच साखळी तुटते. हे न सांगता बाटली विकणं म्हणजे दर महिन्याला गिऱ्हाईक परत यायची सोय करणं. काही दुकानदार तेवढ्यासाठीच गप्प राहतात असं मी म्हणणार नाही, पण बाटल्या खपतात हे खरं.

आता तुमच्या चिठ्ठीकडे येते. खाज उवेच्या चावण्यानं येत नाही, तिच्या लाळेला आपलं शरीर वावडं धरतं म्हणून येते. ज्याच्या डोक्यात पहिल्यांदाच उवा झाल्यात त्याला हे वावडं यायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे बाईंना मुलगी खाजवताना दिसली त्या दिवशी तिच्या डोक्यात उवा येऊन महिना झालेला असतो. महिनाभर ती सगळ्यांत मिसळून बसली, दोरीच्या उड्या मारल्या, एका मोबाईलवर चौघींनी डोकी घातली. आणि एकतिसाव्या दिवशी तिला घरी पाठवून आपण वर्ग वाचवला म्हणायचं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि तिथलं सरकारी रोगनियंत्रण केंद्र, दोघंही सांगतात की उवांसाठी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये आणि लीख दिसली की प्रवेश नाही असले नियम सोडून द्यावेत. कारण साधं आहे. डोक्यातल्या उवांमुळे कुठलाही दुसरा रोग पसरत नाही. खाज येते, झोप मोडते, खाजवून फोड आले तर ते पिकतात, मानेमागे गाठी येतात. त्रास आहे, पण साथीचा ताप नाही.

आणखी एक. तुम्ही लिखा बघून घरी पाठवता, पण त्यातल्या बऱ्याचशा रिकाम्या असतात. पिल्लू निघून गेलं तरी टरफल केसाला चिकटूनच राहतं आणि केस वाढेल तसं टाळूपासून लांब जातं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. टाळूपासून सेंटिमीटरभर लांब पांढरा ठिपका दिसला तर ती महिन्यापूर्वीची लीख, आता निव्वळ टरफल. जिवंत, चालती ऊ दिसली तरच उवा आहेत म्हणायचं. कित्येकदा तर तो कोंडा असतो. कोंडा बोटानं सरकतो, लीख नखानं ओढली तरी हलत नाही. बघायचं ते कानांमागे आणि मानेवर.

आमच्याकडे एकाच आवारात मराठी आणि कन्नड शाळा असलेली गावं आहेत. तिथली गंमत सांगते. मराठी शाळेतली आई मला सांगते, उवा कन्नड शाळेच्या पोरींकडून आल्या. त्याच संध्याकाळी कन्नड शाळेतली आई सांगते, मराठी शाळेच्या पोरींकडून आल्या. मी दोघींना तीच बाटली तेवढ्याच किमतीला देते. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोड सुरू झाली की नाव टोळीच्या झोपड्यांचं निघतं. खानापुरात पूर्वी जांबोटीकडच्या पोरींचं निघायचं. कुठूनही आल्या तरी वाट एकच, डोक्याला डोकं. एका सतरंजीवर ओळीनं झोपणारी मामे-चुलत भावंडं, लग्नघरातली एकच लांब उशी, दोन जणींचा बाक. टोपी, फणी, रिबिनीतून जातात, पण क्वचित. मुलांपेक्षा मुलींना जास्त होतात त्याचं कारणही मुख्यतः हेच की मुली एकमेकींना बिलगून बसतात. लांब केस हे कारण नव्हे. म्हणून वेण्या कापण्यानं आईचं समाधान होतं, उवांना टाळूजवळचा अर्धा सेंटिमीटर पुरतो.

आणि घाणीशी याचा संबंध लावू नका. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही त्या तशाच राहतात, पाण्यानं वाहून जात नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे फरक एवढाच होतो की केस वाळत नाहीत म्हणून आया ओल्यातच घट्ट वेण्या घालतात आणि रविवारपर्यंत सोडत नाहीत. सहा दिवस कुणी आत डोकावतच नाही. पूर्वी दुपारी उंबऱ्यात बसून एकमेकींचं डोकं बघणं हे बायकांचं नित्याचं काम होतं, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांकडून तर मी जेवणाच्या सुट्टीतल्या अशा बैठकींचे किस्से ऐकलेत. कीर्तनात आपण ऐकतो की प्रत्यक्ष विठोबा दासीचा बुचडा सोडून तिच्या डोक्यातल्या उवा मारत बसला. ते ऐकताना कुणाला देवाची किळस येत नाही, मग चौथीतल्या पोरीचीच का यावी?

इस्राएलमध्ये लाखीश नावाच्या जुन्या शहराच्या उत्खननात 2016 साली एक हस्तिदंती फणी मिळाली. पुढे तिच्यावर बारीक अक्षरं दिसली आणि 2022 साली ती वाचून जाहीर झाली. केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या हस्तिदंतानं निघून जावोत, असं त्यावर लिहिलं होतं. साधारण 3,700 वर्षांपूर्वीची वस्तू. एका बाजूला गुंता सोडवायला जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी बारीक. आपल्या आज्यांची दोन्ही बाजूंना दात असलेली फणी आठवा.

आता एक अवघड विषय. आपला जिल्हा सौंदत्तीच्या यल्लम्माचा. आमच्या घरातून अजून डोंगरावर नैवेद्य जातो, तेव्हा देवीच्या विरोधात बोलतेय असं समजू नका. पण डोक्यात उवा माजल्या, खाजवून टाळूला फोड आले, त्यातून लस वाहू लागली, दुखतं म्हणून पोरगी फणी लावू देईना, मग तेल, धूळ, लस सगळं मिळून केसांचा लगदा होतो. प्रत्येक जट अशीच होते असं नाही, पण अशीही होते. त्या गुंत्याला जट म्हणायचं आणि जट आली म्हणजे देवीनं बोलावलं असं ठरवायचं, याची किंमत आपल्या भागातल्या किती पोरींनी मोजली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. देवाला मुली सोडण्याविरुद्ध कर्नाटकानं 1982 सालीच कायदा केला. कायदा कागदावर राहू दे बाजूला, मला सांगायचं ते फणीबद्दल. ज्या मुलीला उवांपायी तुम्ही घरी पाठवता, तिच्या घरात बाटलीला पैसे नसतील, आई पहाटे भांगलणीला जात असेल, तर शाळेबाहेरच्या त्या दिवसांत तिच्या डोक्याकडे बघणार कोण?

बघणारे निघतात, पण ते काय लावतात ते मला काउंटरवर कळतं. रॉकेल लावतात. त्यानं टाळू भाजते, वास घेऊन चक्कर येते आणि चुलीजवळ बसलेल्या पोरीचं काय होऊ शकतं ते मी लिहीत नाही. डांबरगोळ्या कुटून लावतात. निपाणीकडे तंबाखूचं पाणी लावतात, पण निकोटिन कातडीतून आत शिरतं, उलट्या होतात, हातपाय थरथरतात. शेतात फवारायचं औषध डोक्याला लावणाऱ्यांना तर मी हात जोडते, त्यानं जीव जातो. आणि सगळ्यात फसवा उपाय म्हणजे सीताफळाच्या बियांची पूड. झाडाचं आहे, म्हणजे निर्धोक, असं वाटतं. उवा मरतातही. पण तो लेप न्हाताना डोळ्यांत उतरला की बुबुळ सोलल्यासारखं होतं, डोळा लालबुंद होतो, उजेड सहन होत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे अशा बायका येतात. चुकून गेलंच, तर भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवत राहा आणि तडक दवाखाना गाठा.

अंगावरच्या उवा वेगळ्या. त्या डोक्यात नसतात, कपड्यांच्या शिवणीत राहतात आणि ज्यांना दिवसेंदिवस कपडे बदलायला, धुवायला मिळत नाहीत त्यांनाच होतात. रोग पसरवतात त्या या. टायफस नावाचा ताप त्यांच्यामुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी 1909 साली ट्युनिसमध्ये दाखवलं आणि 1928 साली त्यांना नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना तापानं हैराण करणाऱ्या उवाही याच. कुणीतरी कधीतरी ऐकलेल्या या गोष्टी डोक्यातल्या उवांना चिकटवतं आणि त्यातून तुमच्या चिठ्ठ्या निघतात.

मागणी एवढीच. ती घरी पाठवण्याची चिठ्ठी बंद करा. वर्गात नाव घेऊन उभं करणं तर आजच बंद करा. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला मनाई आहे. त्याऐवजी समितीच्या बैठकीत एक रविवार ठरवा. रविवारी आपल्याकडे पोरी डोक्यावरून न्हातातच. त्या दिवशी शाळेतल्या प्रत्येक घरानं, मुलगी असो की मुलगा, आई असो की आजी, ओल्या केसांत कंडिशनर नाहीतर तेल लावून बारीक दातांच्या फणीनं टाळूपासून टोकापर्यंत एकेक बट विंचरायची. प्रत्येक ओढीला फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. ओली ऊ फारशी पळत नाही, फडक्यावर दिसते. जिच्या डोक्यात चालती ऊ सापडली, तिला आणि तिच्या अंथरुणातल्यांची डोकी नीट बघून ज्यांच्यात सापडेल त्यांना औषध लावायचं. ते लावायच्या आधी तेल-कंडिशनर साध्या शाम्पूनं काढायचं, टॉवेलनं टिपायचं, ओलसर केसांना औषध लावून दहा मिनिटांनी धुवायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर आधी डॉक्टरना विचारायचं. मग मधल्या दिवसांत तीन-चार दिवसांनी फणी, आणि नऊ दिवसांनी, म्हणजे पुढच्या रविवारनंतरच्या मंगळवारी, औषध परत. त्यानंतरही चालत्या उवा दिसल्या तर तेच औषध तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ओतू नका. जगभर उवांना हे औषध पचायला लागलंय. तेव्हा डॉक्टरकडे जा, दुसरी औषधं आहेत.

घरात धूर करायला नको, गाद्या उन्हात टाकून दमायला नको. औषध लावायच्या आधीच्या दोन दिवसांत वापरलेले अभ्रे, रुमाल, टोप्या गरम पाण्यात धुतल्या की पुरे. सगळ्यांनी एकाच रविवारी करायचं, एवढंच यातलं मर्म. एकीनं सोमवारी, दुसरीनं पंधरा दिवसांनी केलं तर उवा फक्त बाक बदलतात.

औषध महाग आहे हे मला ठाऊक आहे, विकतेच मी ते. फणी महाग नाही. समितीच्या खर्चातून वर्गाला दोन-चार फण्या घेता आल्या, ज्या घरात नाही तिथं दोन दिवस देता आल्या आणि परत आल्यावर उकळत्या पाण्यात बुडवून ठेवता आल्या, तर बाटलीची गरज निम्म्या घरांना लागणार नाही. माझा धंदा कमी होईल, होऊ दे. घरी जाणारी सूचना मी मराठीत लिहून ठेवली आहे, सगळ्या वर्गाला एकच, कुणाचंही नाव नसलेली. कन्नड बाजू शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेतली, ती कन्नड शाळेच्या गुरुजींनी एकदा तपासून द्यावी. हव्या तेवढ्या प्रती मी काढून देईन.

त्या चौथीतल्या, आता पाचवीत गेलेल्या मुलीचे केस मानेपर्यंत आलेत. दर रविवारी ती फणी आणि आजोबांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेऊन आमच्याकडे येते. तिचं डोकं झालं की ती माझं बघते. परवा तिनं फडक्यावर फणी पुसली, बराच वेळ टक लावून बघितलं आणि तो तुकडा उजेडात माझ्यापुढं धरला. एक होती. नवव्या दिवसाचा मंगळवार मी दुकानातल्या कॅलेंडरवर तांबड्या पेनानं गोल करून ठेवलाय.

कळावे,

आपली,
खानापूर तालुक्यातील एक औषध दुकानदारीण